उंदराचा दाखला

साहेब, मेहरुन्निसा शेख या बाईच्या डोक्यात नसलेल्या पेशी तुम्ही घातल्यात. ऑपरेशन न करता, खुर्चीवरून न उठता. तुमच्या वैद्यकीय मंडळाच्या शिक्क्यानं तिच्या मेंदूत पेशी जन्मल्या, शिक्क्यानंच त्या चालत नाकापर्यंत गेल्या, आणि शिक्क्यानंच तिला वास यायला लागला. फक्त तिला तो येत नाही. एवढी एक किरकोळ गोष्ट राहिली, म्हणून हे लिहितेय.

तुमचं नाव लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही अब्रूनुकसानीचा दावा ठोकाल आणि लोक अब्रूवर बोलत बसतील, नाकाचं राहून जाईल. वाचणाऱ्यांना मात्र ही बाई कोण ते आधी सांगते. तुम्हालाही उपयोग होईल, कारण तुम्ही तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

मेहरुन्निसा माझी शेजारीण, आणि आम्ही दोघी एकाच कारखान्यात. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत कांदा सुकवून त्याची पावडर करतात, तिथं. लासलगावहून ट्रक भरून कांदा येतो, सोलला जातो, कापला जातो आणि भट्टीतून वाळून पट्ट्यावर उतरतो. तुमच्या नातवंडांच्या चिप्सवर जो भुरभुरलेला असतो, तो आमचाच. मी पॅकिंगला, ती पट्ट्यावर. तिचं काम वास घ्यायचं. उतरलेल्या लॉटमधून मूठभर काप उचलायचे, चुरडायचे, नाकाशी न्यायचे आणि सांगायचं: चालेल, जळका, कुबट. ती कुबट म्हणाली की लॉट बाजूला. मालकसुद्धा पुन्हा विचारायचा नाही.

आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. ती काही गरीब गाय नाही. नाकाचा तिला भारी माज होता. सकाळी कारखान्याच्या बसमध्ये चढली की माझ्यापासून सुरू. "चांगुणे, काल बोंबील केलेस आणि मला हाक नाही मारलीस." किशोरसाहेब आमचे सुपरवायझर. त्यांना तर तोंडावर म्हणाली होती, "साहेब, सेंट मारल्यानं विडीचा वास जात नाही. दोन्ही येतात." अख्खा पट्टा हसला. तेव्हापासून साहेब तिच्याशी बोलताना वाऱ्याची दिशा बघून उभे राहायचे.

मग एक दिवस रिकाम्या क्रेटची थप्पी घसरली. तिचा पाय अडकला, ती मागच्या मागं पडली आणि डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली. टाके पडले, टाके सुकले. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. घरी आल्यावर तिच्या नवऱ्यानं, कादरभाईंनी, स्वतः चहा करून पुढं ठेवला.

"आलं घातलंय भरपूर," ते म्हणाले.

"कुठं?" आपा म्हणाली.

असं कळलं.

टाके घालणाऱ्या डॉक्टरनं समजावून सांगितलं की नाकातून मेंदूत जाणारे तंतू फार नाजूक असतात. मागून धक्का बसला की मेंदू आत हलतो आणि ते तुटतात. काहींना वास परत येतो, काहींना येत नाही. आपानं विचारलं, मला येईल का. तो म्हणाला, माहीत नाही. साहेब, तो तरुण पोरगा आहे, त्याला अजून मोठ्या खुर्चीवर बसायचंय. माहीत नाही म्हणायची सवय तो तिथवर पोचेपर्यंत सोडेल.

आमच्या कारखान्याचा एक नियम आहे. कामावर इजा झाली आणि नुकसान कायमचं असेल, तर त्या माणसाला झेपेल असं दुसरं काम द्यायचं. नुकसान तात्पुरतं असेल, तर बरं होईपर्यंत बिनपगारी घरी बसायचं. कायमचं की तात्पुरतं, हे तुमचं मंडळ सांगणार. आपाला काय हवं होतं? पॅकिंगच्या टेबलाशी, माझ्या शेजारी, एक स्टूल. त्यासाठी तुमच्या तोंडून एक शब्द निघायला हवा होता, कायमचं.

तुमच्या खोलीत पेशंटबरोबर एकच माणूस सोडतात. कादरभाई आत गेले, मी बाहेर बाकावर. त्यामुळे आतलं सगळं मला कादरभाईंकडून कळलं. ते विंचूरच्या बाजूला टेम्पो चालवतात आणि माणसांच्या नकला फार छान करतात. तुमचीही करतात. गल्लीत मागणी आहे.

तुम्ही कॉफीची बाटली तिच्या नाकाखाली धरलीत.

"येतोय वास?"

"नाही."

"थोडासा?"

"थोडासापण नाही."

"प्रयत्न करा. मन लावून."

"साहेब, नाक लावलंय. मन लावून काय व्हायचं?"

मग तुम्हाला भाषण आलं. भाषण चांगलं होतं, कादरभाईंना अजून अर्धं पाठ आहे. पूर्वी लोक समजायचे की मेंदूत जन्माला येतानाची शिल्लक तेवढीच, गेलं ते गेलं. आता तसं नाही. आता विज्ञान पुढं गेलंय. मोठ्या वयातसुद्धा मेंदूत नवे न्यूरॉन जन्माला येतात. आत खोलवर पोकळ्या असतात, त्यांच्या भिंतीपाशी ते जन्मतात आणि तिथून एकमेकांच्या आधारानं सरकत सरकत पुढं येतात, थेट वासाच्या केंद्रापर्यंत. न्यूरॉनचं मायग्रेशन, म्हणालात तुम्ही.

कादरभाईंनी आपल्या परीनं समजून घेतलं. "म्हणजे जन्म इगतपुरीला आणि नोकरी लासलगावला."

तुम्ही खूश झालात. "अगदी तसंच."

"आणि वाटेत हरवले तर?" आपानं विचारलं.

"निसर्गाला रस्ता माहीत असतो."

"मग कायमचं नाही म्हणता?"

आणि इथं, साहेब, तुम्ही तो घोळ केलात. सगळं भाषण न्यूरॉनमध्ये दिलंत, आणि शेवटच्या एका वाक्याला तुम्हाला मराठी आठवलं. समोर साधी माणसं आहेत, त्यांना कळेल असं बोलावं, असा तुमचा चांगला हेतू असणार. तुम्ही म्हणालात, "कायमचं कसं म्हणू? नवीन पेशी होणार. तोवर थांबा."

आता आपाचं माहेर मालेगावचं. तिच्या वडिलांच्या घराचा दावा ती परकरात होती तेव्हापासून कोर्टात आहे. त्या घरात पेशी या शब्दाला एकच अर्थ: साहेबापुढं उभं राहायची तारीख. "आज पेशी है" म्हटलं की वडील टोपी घालून निघायचे, आई डबा बांधायची. पेशी पुढं गेली, पेशी लागली, पेशीला वकील आलाच नाही. ती हेच ऐकत वाढली. शरीरात पेशी असतात हे तिनं शाळेत कधीतरी ऐकलंही असेल, पण शाळा चौथीत सुटली आणि कोर्ट काही सुटलं नाही.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बरा होता. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"नवी पेशी होणार. तोवर थांबा म्हणाले."

"केव्हा?"

"कळवतील ना. पेशी काय अशी न कळवता होते होय?"

मलाही ते पटलं. सरकारी मंडळ म्हटलं की तारीख लावणारच.

तर बाई घरी, बिनपगारी, वाट बघत बसली. अक्षरशः बसली. भाचीचं लग्न मालेगावात होतं, गेली नाही. मागं पोस्टमन येऊन गेला तर? दुपारी झोपायची सोडली. फोन वाजला की ओढणीला हात पुसत धावायची आणि पलीकडून कुणीतरी कर्ज हवं का म्हणून विचारायचं. घरात मात्र रोज नवं नाटक. दूध उतू जाऊन करपलं तरी हिला पत्ता नाही. गॅस चालू राहिला म्हणून शेजारची सुलाबाई ओरडत आली, तेव्हापासून आपा शेगडीपाशी गेली की दर थोड्या वेळानं कादरभाईंना हाक. "जरा येऊन वास बघा." टेम्पोवाला माणूस, दिवसभर रस्त्यावर. ते नसले की मुलगी, इन्शा. इन्शा कॉलेजात असली की मी. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या दाराशी उभी राहून म्हणायचे, "आपा, फोडणी झाली, मसाला टाक." ती टाकायची. चव घेऊन तोंड वाकडं करायची. तिला चवही धड लागत नव्हती. "कागद खाल्ल्यासारखं लागतंय," म्हणायची. आणि मग ठरलेलं, "पेशी झाली की सांगणार आहे साहेबांना. जेवणाचंसुद्धा सांगणार."

तिकडं तुम्ही काय करत होतात? तुम्हीही वाट बघत होतात, की ही बाई पुन्हा तक्रार घेऊन येतेय का. ती येईना. ती तुमच्या बोलावण्याची वाट बघतेय आणि तुम्ही तिच्या येण्याची. फरक एवढाच की वाट बघताना तुमचा पगार चालू होता. तुमच्या फाइलीतली तक्रारीची मुदत संपली आणि तुम्ही कारखान्याला कळवून टाकलंत: रुग्णाची पुन्हा तक्रार नाही, सबब सुधारणा झाल्याचे गृहीत धरण्यात येत आहे.

किशोरसाहेबांचा फोन आला. "आपा, पेढे द्या. तुमचं नाक आलं."

"कुठं आलं? इथं तर नाही आलं."

"मंडळानं लिहून दिलंय. उद्यापासून पट्ट्यावर या. नाही आलात तर गैरहजेरी लागेल."

ती आली. गैरहजेरी लागून जागा गेली असती तर माझ्याशेजारचं स्टूलही गेलं असतं. पट्ट्यापाशी उभी राहिली, काप चुरडले, नाकाशी नेले आणि किशोरसाहेबांकडे बघून म्हणाली, "वास येत नाही."

"कागदावर येतो."

"मग कागदाला उभा करा पट्ट्यावर."

"आपा, मी नोकर माणूस आहे. माझ्याशी वाद घालू नका."

हे मात्र खरं होतं. तो नोकर माणूस आहे. तुमच्या सहीपुढं तो तरी काय करणार?

मग सुरू झाला आमचा चोरटा धंदा. आपा रंग बघायची, काप मोडून आवाज ऐकायची आणि शंका आली की चिमूटभर ओढणीच्या टोकात बांधून पाण्याच्या निमित्तानं माझ्याकडे यायची. "बघ गं." मी बघायचे. माझं नाक काही तिच्यासारखं नाही. जळकं कळतं, कुबट कधी कळतं, कधी नाही. मी "चालेल" म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. स्वतःच्या नाकावर जिनं कधी दुसऱ्याचं मत घेतलं नाही, ती बाई माझ्या भुवया वाचत होती. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी जास्तच ठासून चालेल म्हणायचे.

किशोरसाहेबांच्या लक्षात आलं. मला दुसऱ्या शेडमध्ये टाकलं. "एका पट्ट्याला एकच नाक असतं," म्हणाले.

आणि मग एक कुबट लॉट गेला. भिजलेल्या गोणीतला कांदा असणार. दिसायला स्वच्छ, मोडायला कुरकुरीत, वासाला कोंदट. गिऱ्हाइकानं माल परत पाठवला. आता गंमत बघा, साहेब. तुम्ही मंडळात बसून जे वाक्य लिहिलंत, त्याचं पुढं काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. वास येत नसताना लॉट सुटला असता, तर ती चूक ठरली असती, कदाचित चूकही नाही. पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिला वास येतो. म्हणजे वास येत असून तिनं लॉट सोडला. म्हणजे मुद्दाम सोडला. आपावर चौकशी लागली आहे. ठपका बसला तर ती कामावरून जाईल. आणि मुद्दाम माल नासवणारी बाई म्हणून जाईल, म्हणजे या वसाहतीत तिला दुसरं कुणी दारात उभं करणार नाही.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी होते. आपा कुणावर चिडली नव्हती. तिला एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं. "पण पेशी न लावताच निकाल कसा दिला? माझ्या बापाच्या कोर्टात असं कधी झालं नाही."

इन्शा पुस्तक घेऊन बसली होती. ती बीएस्सीला आहे. तिनं मान वर केली. "अम्मी, कुठली पेशी?"

आपानं तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. इन्शा आधी हसली. हसता हसता खोकला लागला, पाणी प्यावं लागलं. मग आईला समजावून सांगितलं, या पेशी म्हणजे सेल, न्यूरॉन, डोक्यातल्या. भिंतीपाशी जन्मतात आणि रांगेनं पुढं सरकतात.

"सरकतात आणि पोचत नाहीत," आपा म्हणाली. "मग कोर्टातल्याच त्या."

इन्शा उठून आत गेली आणि तिनं कॉलेजच्या मॅडमना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तुमच्याकडे आलो, शिपायाचं न ऐकता एकदमच आत. तुम्हाला आठवत असेल. नसेल, तर मी आठवण करून देते. तुमच्या कपाळावर आठ्या आणि टेबलावर ढोकळा होता.

इन्शानं विचारलं, "सर, वासाच्या केंद्राकडे जाणारे हे नवे न्यूरॉन कुणाच्या मेंदूत बघितले गेले?"

"जगभर संशोधन झालंय, बेटा."

"हो सर. पण कुणाच्या मेंदूत?"

तुम्ही ढोकळा खाली ठेवलात. "प्रामुख्यानं... उंदरांच्या."

आपानं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाले?"

"उंदराच्या, आपा."

"माझ्या डोक्यात?"

"नाही. उंदराच्या डोक्यात. तुझ्या डोक्यात असतील असं साहेबांना वाटलं."

तुम्ही म्हणालात, "तत्त्वतः सजीवांच्या मेंदूची रचना सारखीच असते."

मी म्हणाले, "म्हणजे हिनं मागितला स्वतःचा दाखला आणि तुम्ही दिलात उंदराचा."

"बाई, तुमचा इथं संबंध काय?"

"शेजारीण. आणि काही दिवस मी हिचं नाक होते."

इन्शा शांतपणे बोलत राहिली. तिनं तिच्या कॉलेजच्या मॅडमना विचारलं होतं. माणसाच्या मेंदूत, आठवणींच्या भागात, मोठ्या वयात नव्या पेशी होतात असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, काही म्हणतात पुरावा पुरेसा नाही. भांडण अजून मिटलेलं नाही. पण वासाच्या केंद्राकडे जाणारी ती रांग माणसात तान्ह्या बाळांमध्ये दिसते, मोठ्यांमध्ये जवळपास सापडत नाही.

तुम्ही सावरलात. तुम्हाला येतं ते. "नाकाच्या आतल्या अस्तरात नव्या पेशी होतात, हे तरी तुमच्या मॅडमना मान्य आहे? अशा इजेनंतर काही रुग्णांना वास परत येतोच. मी आशा दिली. आशा द्यायची नाही का डॉक्टरनं?"

"येतो, सर, काहींना," इन्शा म्हणाली. "अम्मीला आला का, ते बघितलं का?"

साहेब, तुम्ही घंटी वाजवलीत. शिपायाला चहा सांगितलात. आमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. चहा येईपर्यंत तुम्ही उत्तर शोधत होतात, आणि शोधलंत ते असं:

"अहवाल बदलता येत नाही. आमच्या अहवालाप्रमाणे वास परत आलेला आहे. आज येत नसेल, तर ती नंतर झालेली नवी इजा. तिचा पुरावा आणा, नव्यानं तपासू."

"नवी इजा?" आपा म्हणाली. "म्हणजे परत पडून येऊ?"

"असं मी म्हणालो नाही."

"मग कसं म्हणालात?"

आपानं टेबलावरची तुमची कॉफीची बाटली उचलली, झाकण काढलं, नाकाशी धरली आणि तुमच्याकडे बघत उभी राहिली. शिपाई मध्ये आला. बाटली तिच्या हातातून काढून घेतली आणि झाकण लावून ठेवली, तिनं ती पळवली असती तर काय, अशा थाटात.

माझं विज्ञानाशी भांडण नाही. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात जेवढं सापडलं तेवढं मी वाचलंय, आणि त्या उंदरांच्या पेशींचं वाचून मला खरंच बरं वाटलं. एवढ्याशा डोक्यात, अंधारात, न दिसणाऱ्या वाटेनं एकेक पेशी पुढं सरकते आणि जाऊन कामाला लागते. कुणी म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं डोळे फोडून ते शोधलं असेल. माणसातही शोधत असतील कुठंतरी, मिळो त्यांना. पण ती माणसं भिंगाखाली बघतात आणि मग लिहितात. मिळालं नाही तर मिळालं नाही म्हणून लिहितात. तुम्ही त्यांचं नाव घेतलंत आणि भिंग तेवढं वगळलंत. एवढा मोठा शोध, आणि नाशिकमध्ये त्याचा उपयोग काय झाला, तर एका बाईला स्टूल नाकारायला.

आणि त्या आशेचं म्हणाल तर, आशा देणाऱ्यानं परत येऊन बघायचं असतं. तुम्ही आशा दिलीत, मुदत घातलीत आणि मुदत संपल्यावर आशा पूर्ण झाली असं समजून फाइल बंद केलीत. उद्या तुमच्या घरात कुणाला काही झालं आणि डॉक्टर म्हणाला की तुम्ही पुन्हा आला नाहीत, म्हणजे बरे झालात, तर तुम्ही त्याला सोडाल?

येत्या सोमवारी कारखान्यात चौकशी आहे. चौकशी करणारा गृहस्थ बाहेरचा आहे, वकील आहे. त्याच्यापुढं दोन गोष्टी येतील. तुमचा कागद म्हणतो वास येतो, बाई म्हणते येत नाही. कादरभाईंना त्यानं आधीच सांगून ठेवलंय की कागद असताना तोंडी बोलण्याला वजन नसतं. म्हणून मी हे तोंडी बोलत नाही, छापायला देतेय.

तुम्ही त्या चौकशीला यावं असं मी म्हणत नाही. ढोकळा सोडून एवढ्या लांब कशाला यायचं? मला इन्शाच्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे, जे त्या दिवशी चहाच्या कपात बुडालं. मेहरुन्निसा शेखला वास परत आला असं तुम्ही लिहिण्यापूर्वी तिला एकदा तरी समोर बसवून बघितलं होतं का? बघितलं असेल तर केव्हा, कशानं आणि कुणासमोर, ते सांगा. बघितलं नसेल तर "बघितलं नाही" एवढे दोन शब्द त्याच शिक्क्याखाली लिहून द्या. मराठीत लिहा, आणि सोमवारच्या आत.